बीटा ॲपला मुदत का घालतात? चांगलं चालणारं ॲप मुद्दाम बंद का पाडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिशेबाचं एक ॲप तुम्ही बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची प्रत, असताना घेतलं, काही महिने बिनतक्रार वापरलं, आणि परवा सकाळी उघडलं तर ‘या आवृत्तीची मुदत संपली आहे’ एवढी एकच ओळ. दूध नासतं, औषध जुनं होतं, पण सॉफ्टवेअरला काय धाड भरते, असं तुम्ही विचारलंय. आणि ही पैसे उकळायची युक्ती तर नाही ना, अशीही शंका आहे.

शंकेचं उत्तर आधी देतो. कधी कधी असते. पण ते बहुतेक ‘ट्रायल’च्या, म्हणजे थोडे दिवस फुकट वापरून बघायला दिलेल्या प्रतीच्या बाबतीत. ट्रायलची मुदत संपते ती तुम्ही विकत घ्यावं म्हणून, बीटाची संपते ती तुम्ही पुढची प्रत घ्यावी म्हणून. काही कंपन्या बीटाच्या नावाखाली ट्रायल खपवतात हेही खरं. ओळखायचं कसं, तर मुदत संपल्यावर नवीन प्रत फुकट मिळते का आणि तुमचा जुना हिशेब तुमच्या हातात येतो का, एवढं बघायचं. दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमचा संशय बरोबर आहे.

आता खरं कारण. मी जळगावला बसून छोट्या व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवतो. मुदत न घालता दिलेली एक प्रत आणि चुकीची मुदत घालून दिलेली एक प्रत, अशी दोन्ही पापं माझ्या खात्यावर आहेत. त्यामुळे पुस्तकातलं न सांगता तेच सांगतो.

पहिलं पाप मक्याचं. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे मका निघतो आणि खेड्यावर जाऊन तो घेणारे व्यापारी असतात. काटा लावायचा, गोण्या मोजायच्या, एकूण वजनातून बारदान, म्हणजे रिकाम्या गोण्यांचं वजन, वजा करायचं, हमाली वगैरे धरून शेतकऱ्याला पावती द्यायची. हे सगळं कार्बन लावलेल्या पावतीपुस्तकावर चालायचं. मी त्याचं ॲप केलं. वजन टाका, भाव टाका, खिशात मावेल एवढ्या ब्लूटूथ प्रिंटरवरून पावती बाहेर. चाचणीसाठी तीन व्यापाऱ्यांना दिलं. आवृत्ती ०.४. कशावर दिलं? व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल पाठवून दिली, आणखी कशावर देणार.

त्यात एक चूक होती. बारदानाचं वजन मी पूर्ण किलोत साठवत होतो. रिकामी गोणी ६०० ग्रॅमची. व्यापारी ०.६ टाकायचा, ॲप त्याला जवळच्या पूर्णांकात नेऊन १ किलो करायचं आणि वजा करायचं. म्हणजे दर गोणीमागे शेतकऱ्याचे ४०० ग्रॅम गायब. ६० गोण्यांना २४ किलो. २,००० रुपये क्विंटलचा भाव धरला तर एका पावतीवर ४८० रुपये. पावतीवर सगळं स्वच्छ छापलेलं, बेरीज-वजाबाकी बरोबर, कुणाला वास येणार नाही अशी चूक. हातानं लिहिलेल्या पावतीवर शेतकरी शंका घेतो. छापील आकड्यावर घेत नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते.

नऊ दिवसांत एका व्यापाऱ्याच्या मुनीमानंच ती पकडली. मी रात्रीतून दुरुस्त केली, ०.५ तिघांनाही पाठवली, झालेल्या पावत्यांचा फरक शेतकऱ्यांना द्यायला लावला. विषय मिटला असं मी समजत होतो.

दीड वर्षानं शिरपूर तालुक्यात एका लग्नाला गेलो होतो. वरण-बट्टीची पंगत उठली होती आणि लोक सावलीला बसून सुपारी कातरत होते. मी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून कुणीतरी माझी ओळख करून दिली, तसा एक म्हातारा शेतकरी पुढे सरकला, खिशातून घडी घातलेली पावती काढली आणि म्हणाला, “दादा, गोणी काय किलोनी शे का?” म्हणजे, रिकामी गोणी काय एक किलोची असते का? कागद उन्हानं करपून निम्मा काळा पडला होता, पण तळाची ओळ वाचता येत होती. ०.४.

त्या गावाशी, त्या व्यापाऱ्याशी माझा काही संबंध नव्हता. माझ्या तिघांपैकी एकानं पहिल्याच आठवड्यात ती फाइल साडूला पाठवली होती, साडूनं आणखी कुणाला, आणि ती अशी गावोगाव हिंडत राहिली. तिघांना मी ०.५ दिली. ज्यांची नावंच मला माहीत नाहीत त्यांना कशी देणार?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं. कच्ची प्रत एकदा हातातून सुटली की ती गोफणीतून सुटलेला धोंडा असते. कुणाच्या फोनवर गेली, कुणाच्या पेनड्राइव्हवर गेली, बनवणाऱ्याला कळायची सोय नाही. परत बोलावता येत नाही. तिला आधीच बांधून ठेवलेली मुदत ही एकच दोरी त्याच्या हातात राहते. ०.४ मध्ये मी फक्त दोन महिन्यांची मुदत घातली असती, तर ती डिसेंबरातच कुठेही असली तरी बंद पडली असती आणि त्या म्हाताऱ्याच्या खिशात ती पावती आलीच नसती.

म्हणजे मुदत ही वापरणाऱ्यावरच्या अविश्वासातून येत नाही. बनवणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो, त्यातून येते. बीटा म्हणजे ‘यात चुका आहेत, कुठे आहेत ते मला अजून माहीत नाही’ असं लिहून देणं. अशा मालावर तारीख न घालता तो बाजारात सोडणं मला आता बेजबाबदारपणा वाटतो.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. आयफोनवर ॲपची चाचणी ज्या टेस्टफ्लाइटमधून होते, तिथे प्रत्येक प्रत ९० दिवसांनी बंद पडते. बनवणाऱ्याला नको असलं तरी पडते, ॲपलची सक्ती आहे. सिग्नल हे निरोपांचं ॲप तर बीटा नसलेल्या, पक्क्या प्रतींनासुद्धा साधारण ९० दिवसांची मुदत घालतं, कारण निरोप सुरक्षित ठेवायचे तर जुनी, भोकं पडलेली प्रत कुणाच्या फोनवर राहून चालणार नाही. अँड्रॉइडच्या एपीके फाइलला अशी मुदत आपोआप लागत नाही. घालायची असेल तर ज्यानं बनवलं त्यानं स्वतः घालायची. मी घातली नव्हती.

आणखी एक कारण आहे, ते बाहेरून दिसत नाही. ०.५ नंतर मी वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये साठवायला लागलो, म्हणजे पुन्हा पूर्णांकाचा घोळ नको. एका व्यापाऱ्याच्या दुकानात दोन फोन होते, दोन्ही एकाच वहीत नोंदी टाकायचे. एकावर नवी प्रत घेतली, दुसऱ्यावर राहून गेली. जुन्या फोननं पाठवलं ४८, म्हणजे ४८ किलो. नव्यानं ते वाचलं ४८ ग्रॅम. आख्खी गोणी मुठीत मावेल एवढी झाली. हे हास्यास्पद होतं म्हणून लगेच दिसलं, पण असे घोळ दिसण्यासारखेच असतात असं नाही. बीटाच्या काळात आतली मांडणी सतत बदलत असते. जुनी प्रत जिवंत ठेवायची म्हणजे जुन्या प्रत्येक मांडणीशी बोलणारा कोड सांभाळत बसायचं. एकट्या माणसाला ते झेपत नाही, आणि ज्यांना झेपतं त्यांनाही परवडत नाही.

तक्रारींचंही तसंच. चार महिन्यांपूर्वी दुरुस्त झालेल्या चुकीबद्दल आज फोन येतो, अर्धा तास माणसाशी बोलायचं आणि शेवटी कळतं की त्याच्याकडे जुनीच प्रत आहे. त्याचाही वेळ गेला, माझाही. शिवाय बीटात आम्ही जास्तीच्या नोंदी लिहीत असतो, कुठे अडखळलं ते कळावं म्हणून. त्या नोंदी वर्षभर कुणाच्या फोनवर साठत राहणं बरं नाही, त्यात त्याच्याच गिऱ्हाइकांचे आकडे असतात.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल पुरं होतं, हे तुम्ही तिकडचे असाल तर सांगायला नको. माणूस कितीही कामाचा असो, साल संपतं. मग पुन्हा समोरासमोर बसायचं, उचल किती राहिली, धान्य किती, पैसे किती, पुन्हा बोली करायची. पटलं तर राहतो, नाही तर दुसरा मळा बघतो. साल संपलं म्हणजे सालदाराला हाकललं असं कुणी म्हणत नाही. बीटाची मुदत मला तशी वाटते. तारीख आली की दोघांनी एकदा भेटायचं.

अर्थात सालदार रात्री दोन वाजता, पिकाला पाणी भरताना, ‘साल संपलं’ म्हणून फावडं टाकून निघून जात नाही. आणि नेमकं तेच माझ्या दुसऱ्या ॲपनं केलं.

पहिल्या धड्यानंतर मी हुशार झालो होतो. पुढच्या वर्षी नवीन बीटा ऑगस्टात बांधली आणि टेस्टफ्लाइटचं बघून तिला ९० दिवसांची मुदत घातली. ऑगस्टात ९० मिळवले की काय येतं याचा हिशेब मी, खान्देशात जन्मलेल्या माणसानं, केला नाही. नोव्हेंबर येतो. ऐन मक्याचा. रात्रीचे नऊ वाजले असतील, फोन आला: “दादा, तुना ॲप बंद पडी गया. टेम्पो भरेल शे, शेतकरी आठे उभा शे. काय करू आते?” मागे टेम्पोचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. बॅटरीच्या उजेडात माणसं उभी, काटा झालेला, आकडे ॲपच्या पोटात, आणि ॲप म्हणतंय मुदत संपली. दिवसभराच्या चौदा पावत्यांचे आकडे त्यात अडकले होते. नवीन प्रत पाठवली तर त्या खळ्यावर नेट एवढं मंद की फाइल उतरेना. शेवटी त्यानं पांढऱ्या कागदावर वजनं पुन्हा मांडली, जेवढी हमालांना आठवत होती तेवढी.

त्या रात्री मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर इतकं लागलं नसतं. मुदत संपली तर नवीन नोंद थांबवा, पण जुनी वाचायला आणि बाहेर काढायला कधीही अडवू नका. दहा दिवस आधीपासून सांगा, आणि इंग्रजीत नको. चालू असलेली पावती पूर्ण होऊ द्या. आणि तारीख कॅलेंडर बघून ठरवा, नुसती बेरीज करून नाही.

मोठ्यांनीही हे शिकायला वेळ घेतला. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्कीच्या आधीची चाचणी प्रत मे २००९ मध्ये सगळ्यांना फुकट मिळाली होती. पक्की विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली, पण पुष्कळांनी फुकटचीच चालू ठेवली. मायक्रोसॉफ्टनं आधीच जाहीर केलं होतं: १ मार्च २०१० पासून ही प्रत दर दोन तासांनी संगणक बंद करील आणि १ जून २०१० ला मुदत पूर्ण संपेल. मी तेव्हा शिकत होतो आणि आमच्या तालुक्याच्या गावात एका नेट कॅफेत पडीक असायचो. तिथे सगळ्या संगणकांवर हीच प्रत. मार्चमध्ये यंत्रं फटाफट बंद पडायला लागली. पण त्या वर्षी लोडशेडिंग असं होतं की पहिला आठवडाभर कुणाला शंकाच आली नाही. मालकानं इन्व्हर्टरची बॅटरी बदलून आणली. कोपऱ्यात सूचना यायची, पण ती वाचतो कोण, लोक फुलीवर टिचकी मारून मोकळे. एक मुलगा नोकरीचा अर्ज तिसऱ्यांदा भरताना रडकुंडीला आला, तेव्हा कुणीतरी घड्याळ लावून बघितलं. बरोबर दोन तास. एकदम बंद न करता हळूहळू त्रास द्यायचा, म्हणजे माणूस स्वतःहून बदलेल, असा त्यामागचा विचार होता. विचार चांगला, पण अर्ज भरणाऱ्या पोराचं त्यात काय चुकलं?

आणि कधी कधी मुदत तपासणारा कोडच चुकतो. ऑगस्ट २०१८ च्या शेवटी आयफोनच्या आयओएस १२ ची अकरावी बीटा वापरणाऱ्यांना फोन उघडला की ‘नवीन अपडेट आलं आहे, ते घ्या’ असा निरोप यायला लागला. बंद करा, पुन्हा हजर. आणि घ्यायला अपडेट नव्हतंच! तारखेच्या हिशेबात गफलत होऊन फोनला वाटत होतं की आपली मुदत संपत आली. ॲपलनं ३१ ऑगस्टला बारावी बीटा काढून ते थांबवलं. मुदत हेही शेवटी सॉफ्टवेअरच, त्यालाही बीटा लागते.

आता तुमच्यासारखे पुष्कळ जण एक युक्ती करतात, ती करू नका: फोनची तारीख मागे करणं. साध्या ॲपवर ती चालते, कारण खेड्यावर नेट नसतं हे धरून आम्ही मुदत फोनच्या घड्याळावरच तपासतो. त्या नोव्हेंबरात दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या भाच्यानं मला न विचारता तेच केलं. तारीख दोन महिने मागे नेली, ॲप सुरू झालं, मामा खूश. पुढचे आठ दिवस सगळ्या पावत्या सप्टेंबरच्या निघाल्या. म्हणजे कणसात अजून दूध भरत होतं, तेव्हाच मका मोजून, गोण्या शिवून, टेम्पोत चढल्याची पावती. व्यापाऱ्याच्या सीएनं ती चळत बघून कपाळाला हात लावला. वर तारीख चुकली की व्हॉट्सॲप फोनची तारीख नीट करायला सांगतं आणि बँकेचं ॲपही कुरकुर करतं. त्यानंतर मी शेवटच्या नोंदीची तारीख जपून ठेवतो आणि घड्याळ तिच्या मागे गेलं की थांबून विचारतो. सरळ बंद करत नाही, कारण घड्याळ आपोआपही मागे जाऊ शकतं; जुन्या डेस्कटॉपचा आतला रुपयाएवढा सेल मेला की त्याचं घड्याळ कुठल्या कुठे मागे जातं, त्यात कुणाचा काही डाव नसतो.

तुमच्या ॲपचं म्हणाल तर आधी ते फोनवरून काढून टाकू नका. वैतागून लोक पहिल्यांदा अनइन्स्टॉल करतात आणि त्याबरोबर फोनमधला हिशेबही पुसला जातो. जिथून घेतलं होतं तिथे नवीन प्रत आहे का बघा आणि ती जुनीच्याच वर टाका. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी सापडतं. नवीन प्रत नसेल तर बनवणाऱ्याला लिहा, ‘मला फक्त माझ्या नोंदी काढून द्या’ असं स्पष्ट मागा. प्रामाणिक माणूस देतो. आणि यापुढे कुठलीही बीटा घेतली की पहिल्याच दिवशी तिची मुदत शोधा. विंडोजच्या चाचणी प्रतीत ‘विनव्हर’ (winver) ही आज्ञा चालवली की तारीख दिसते. बाकी ॲपमध्ये ‘माहिती’च्या पानावर नसली तर विचारून घ्या. ती तारीख तुमच्या हंगामात येत असेल तर त्या कामासाठी बीटा वापरूच नका, पावतीपुस्तक बरं.

मी आता मक्याच्या ॲपची मुदत १५ जुलैला ठेवतो. रब्बीचा मका विकून झालेला असतो, खरिपाचा नुकताच पेरलेला असतो, व्यापारी निवांत असतो. फोन लावून अर्धा तास बोलतो, नवीन प्रत टाकून देतो.

राहिली ती ०.४. तिला मुदत नाही, त्यामुळे ती अजून कुठे ना कुठे चालू असणार. मागच्या दिवाळीतही दोंडाईचाकडून एक फोटो आला होता. हे वाचणारं कुणी मका विकत असेल, तर पावतीच्या अगदी तळाशी बघा. तिथे ०.४ दिसलं, तर दर गोणीमागे ४०० ग्रॅम परत मागून घ्या, आणि मला खाली कळवा.